पेट्रोल इंजिनचा हेवी ड्युटी पिकअप: रोज ऑफिसला आणि सुट्टीत कॅम्पर ओढायला कुठला घ्यावा?

अरोराचा_नाशिककर

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरजवळ अरोराला राहतो. ट्रॅव्हल ट्रेलर घ्यायचं जवळपास पक्कं झालंय, २८ फुटी आहे, मुलांसाठी मागे बंक बेड, कागदावर रिकामं वजन ६,१०० पाउंड आणि जीव्हीडब्ल्यूआर (सगळं भरून जास्तीत जास्त वजन) ७,८००. आता तो ओढायला ट्रक बघतोय. मी, बायको, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात नाशिकहून आई-बाबा येतात तेव्हा सहा जण होतो, आणि त्यांना सोबत एकाच गाडीतून न्यायचंय, दोन गाड्या करून नाही. यूटातलं मोआब तर पहिलंच ठरलंय, म्हणजे आय-७० चा घाट आलाच.

पण बाकी वर्षभर हाच ट्रक रोज चालवणार. ऑफिस ९ मैलांवर, मुलांची शाळा, स्विमिंग, कॉस्टको, एवढंच. म्हणून डिझेल नको असं माझं मत झालंय. एका डीलरकडचा सेल्समन म्हणाला हाफ टन (हलक्या वर्गाचा पिकअप) पुरे, ब्रोशरमध्ये ११,००० च्या वर टोइंग आहे, तुमचा ७,८०० चा ट्रेलर म्हणजे किरकोळ. ऑफिसातला एक जण म्हणतो थ्री क्वार्टर टनच्या (त्याच्या वरचा, दणकट वर्ग) खाली बघूच नको. फोर्डचा एफ-२५०, जीएमचा सिल्व्हराडो २५०० एचडी आणि रॅम २५०० असे तीन डोक्यात आहेत. ज्यांनी खरंच घाटात ट्रेलर ओढलाय त्यांनी सांगा प्लीज.

घाटमाथा_फोर्टकॉलिन्स

ब्रोशरमधला टोइंगचा आकडा आधी बाजूला ठेवा, तुमचं गणित पेलोडवर, म्हणजे ट्रक स्वतःवर किती वजन घेऊ शकतो त्यावर, अडणार आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर एक स्टिकर असतो, माणसं आणि सामान मिळून इतक्या पाउंडांच्या वर नको असं लिहिलेलं. तो त्या एका ट्रकचा आकडा. सनरूफ, मोठी चाकं, भारी सीटा असं जे जे वाढवत जाल ते ते त्यातून वजा होतं, म्हणून शेजारी शेजारी उभ्या असलेल्या एकाच मॉडेलच्या दोन ट्रकांवर वेगळे आकडे दिसतात.

आता मांडून बघा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर (ट्रक-ट्रेलरच्या जोडावर) येतो, ७,८०० चे १३ टक्के धरले तर १,००० पाउंड तिथेच गेले. सहा माणसं, मुलं लहान धरली तरी ८००. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच (भार पुढच्या चाकांवरही वाटणारा जोड) स्वतःच १०० च्या आसपास. ट्रकच्या बेडमध्ये (मागच्या हौद्यात) जनरेटर, कूलर, सायकली, लाकडं मिळून ३०० तर सहज होतात. झाले २,२००. हाफ टनच्या ज्या फॅमिली ट्रिम (मॉडेलच्या आवृत्त्या) डीलरकडे उभ्या असतात त्यातल्या बऱ्याच जणींचा पेलोड १,४०० ते १,८०० मध्ये असतो. इंजिन ट्रेलर ओढेल हो, त्यात सेल्समन खोटं बोलत नाहीये, पण मागचा अॅक्सल आणि टायर मर्यादेच्या बाहेर गेलेले असतील आणि आत तुमचे आई-बाबा बसलेले असतील.

आणि ट्रेलरचं रिकामं वजन धरून हिशोब करू नका, ४० गॅलन पाणी भरलं की तेच ३३० पाउंड, वर भांडीकुंडी, अंथरुणं, किराणा. जीव्हीडब्ल्यूआरच धरा.

पेट्रोलचा थ्री क्वार्टर टन क्रू कॅब फोर बाय फोर घेतला तर स्टिकरवर साधारण ३,००० च्या वर आकडा मिळतो, तुमचं काम आरामात होतं. तोच ट्रक डिझेलमध्ये घ्या, इंजिन कित्येकशे पाउंड जड, आणि फोर्ड-रॅममध्ये या वर्गाची जीव्हीडब्ल्यूआर बऱ्याचदा १०,००० ला थांबवलेली असते, म्हणजे वाढलेलं सगळं वजन पेलोडमधून जातं आणि लक्झरी ट्रिममध्ये दोन-अडीच हजारच उरतात. लोक जास्त ताकदीसाठी दहा हजार डॉलर जास्त मोजतात आणि वजन कमी न्यायचा ट्रक घरी आणतात, आणि शोरूममध्ये हे कुणी तोंडाने सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

वी८_ह्यूस्टन

वरच्या सगळ्याशी सहमत. आता इंजिनांचं सांगतो.

फोर्डमध्ये दोन पेट्रोल आहेत, ६.८ आणि ७.३. साध्या ट्रिममध्ये ६.८ येतं, ४०५ हॉर्सपॉवर आणि ४४५ पाउंड-फूट टॉर्क, वाईट अजिबात नाही, पण कोलोरॅडोत राहून ट्रेलर ओढणार असाल तर ७.३ च घ्या, ४३० आणि ४८५. जुन्या पद्धतीचं पुशरॉड इंजिन, कास्ट आयर्न ब्लॉक, टर्बो नाही, पोर्ट इंजेक्शन, म्हणजे बिघडायला भानगडी कमी. जीएमचं ६.६ २०२० मॉडेलपासून आलं, ४०१ आणि ४६४, तेही आयर्न ब्लॉक पण डायरेक्ट इंजेक्शन. सेकंड हँड बघणार असाल तर जीएममध्ये हे नक्की बघा की २०२३ पर्यंत पेट्रोलला सहाच गिअर होते, २०२४ पासून दहा आले, आणि घाटात हा फरक इंजिनाच्या फरकापेक्षा जास्त जाणवतो, कारण सहा गिअरवाल्यात एक गिअर खाली आला की इंजिन एकदम ओरडायला लागतं आणि वर गेला की दम संपतो, मधला गिअरच नसतो. रॅमचं ६.४ हेमी, ४०० च्या थोडं वर हॉर्सपॉवर आणि ४२९ टॉर्क, आठ गिअर. तिघांत टॉर्क सगळ्यात कमी याचाच, पण मागे लीफ स्प्रिंगऐवजी कॉइल आहेत त्यामुळे रिकामा चालवताना रॅमच सगळ्यात मऊ.

अॅक्सल रेशो विचारून घ्या, हा आकडा मोठा तितकी ओढ जास्त. फोर्डला ४.३० मिळतो, रॅमला ४.१०, ओढायचं असेल तर हे घ्यावेत. जीएम पेट्रोलला ३.७३.

पेट्रोल पंपावर एक काळजी घ्या, तुमच्या कोलोरॅडोत रेग्युलर म्हणून बऱ्याच ठिकाणी ८५ ऑक्टेन मिळतं, ते यात घालू नका, निदान ८७ घाला, हेमीला तर कंपनीच ८९ सुचवते.

सॉल्टलेकचा_दादा

मी डिझेलवाला, म्हणून थोडी उलट बाजू मांडतो. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना साधारण ३ टक्के घटते. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, म्हणजे तिथे पोचेपर्यंत ७.३ चे ४३० हॉर्सपॉवर २९० च्या घरात आलेले असतात आणि मागे साडेतीन टनांचा ट्रेलर. चढेल, पण ४,५०० आरपीएमवर, उजव्या लेनमध्ये ट्रकवाल्यांच्या मागे मागे. डिझेल १,००० पाउंड-फूटच्या आसपास टॉर्क घेऊन आरामात गप्पा मारत चढतं.

मला मात्र चढापेक्षा उताराची काळजी जास्त असते. बोगद्यातून पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नपर्यंत ७ टक्के उतार आहे, ब्रेक गेलेल्या गाड्यांसाठी रनअवे रॅम्प केलेत ते उगाच नाही. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनानेच वेग रोखणारा) असतो, पेट्रोलला नाही. पेट्रोलमध्ये टो-हॉल मोड (ओढताना वापरायची गिअरची सेटिंग) लावून बोगद्याच्या आधीच वेग कमी करायचा आणि खालच्या गिअरमध्येच उतरायचं, इंजिन ओरडलं तरी ओरडू द्यायचं, ब्रेक थोडा दाबून सोडायचा, सतत पाय ठेवून बसायचं नाही. वहिनी पण चालवणार असतील तर त्यांनाही ही सवय करून द्या.

पण तुमचं ऑफिस ९ मैलांवर आहे ना, मग खरंच डिझेल घेऊ नका. एवढ्या छोट्या फेऱ्यांत इंजिन नीट तापतच नाही, डीपीएफमधली (धुराच्या फिल्टरमधली) काजळी जळायला लांब पल्ला लागतो, तो मिळाला नाही की फिल्टर तुंबतो आणि खर्च काढतो. शिवाय डीईएफ (धूर साफ करणारं द्रव) भरा, थंडीत डिझेलची काळजी घ्या. दर दुसऱ्या वीकेंडला घाट ओलांडणार असता तर मी डिझेलसाठी भांडलो असतो.

सांगलीची_लेक

इंजिनावर सगळे बोलले, मी रोजच्या वापराचं सांगते, कारण आमच्याकडे असाच ट्रक आहे आणि तो जास्त मीच चालवते.

सहा जण म्हणताय ना, मग सीट आधी बघा! मधे कन्सोल आणि दोन बकेट सीट असल्या की पाचच बसतात. सहासाठी समोर ४०/२०/४० बेंच (मधेही एक जण बसेल अशी सलग सीट) लागतो, तो साधारण खालच्या-मधल्या ट्रिममध्ये मिळतो, वरच्या ट्रिममध्ये आवडला म्हणून सही करून आलात तर आई-बाबांतलं एक जण घरी राहील. मागे तिघं ऐसपैस बसतात.

दुसरं म्हणजे चढणं-उतरणं. फोर बाय फोर हेवी ड्युटी फार उंच असतो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना नुसत्या साइड स्टेपवरून जमत नव्हतं, आम्ही रुंद, खाली उतरणाऱ्या पॉवर रनिंग बोर्ड लावल्या आणि मग त्या आपल्या आपण चढायला लागल्या. आई-बाबा यायच्या आधीच हे करून घ्या.

गॅरेज मोजा. क्रू कॅब शॉर्ट बेडसुद्धा २५० इंच लांब असतो, म्हणजे जवळजवळ २१ फूट, आणि बऱ्याच घरांचं गॅरेज २० फूट खोल. मग हिवाळ्यात रोज सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचा. देसी ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये मी कायम लांब कोपऱ्यात लावते, मागचं टोक दुसऱ्याच्या वाटेत येतं. ३६० कॅमेरा असलेला घ्या, ती चैन नाहीये. मायलेजही धरून चाला, या ट्रकांना ईपीएचा (सरकारी मायलेजचा) आकडाच नसतो त्यामुळे विंडो स्टिकरवर काही कळत नाही, आम्हाला रिकामा गॅलनला १३-१४ मैल देतो आणि ट्रेलर लावला की ८-९.

अरोराचा_नाशिककर

खूप खूप आभार सगळ्यांचे. काल जाऊन दारावरचे स्टिकर बघितले, हाफ टनवर १,५७० होतं, तो विषय संपला. ७.३ चा एफ-२५०, एक्सएलटी ट्रिम, बेंच सीटवाला, ४.३० अॅक्सल, स्टिकर ३,२४०, आवडलाय. पण रिकामा चालवला तर स्पीडब्रेकरवर फार आदळतो हो, आईच्या पाठीचं काय होईल असं वाटलं. रॅमकडे वळू का? सहाला बेंच त्यांच्याकडेही आहे.

घाटमाथा_फोर्टकॉलिन्स

आधी त्या ट्रकच्या टायरमधली हवा बघा. डीलरकडे कधी कधी ट्रान्सपोर्टची जास्तीची हवा तशीच असते, दारावरच्या आकड्यावर आणून परत चालवा, आणि शक्य असेल तर घरच्या सगळ्यांना बसवून चालवा, चार-पाच माणसं बसली की मागची स्प्रिंग बरीच शांत होते. तरीही पाठ दुखेल असं वाटलं तर रॅम ४.१० अॅक्सलचा चालवून बघा, वर्षातले बहुतेक दिवस रिकामाच फिरणार आहे तर बसायला मऊ असणं हे काही कमी कारण नाही. माझं मत अजून ७.३ कडेच, घाटासाठी.

कुठलाही घ्या, इंटिग्रेटेड ट्रेलर ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक ट्रकमधून चालवणारा) कारखान्यातूनच बसवलेला आहे ना ते बघा. आणि मोआबच्या आधी एकदा सगळं भरून, सहाही जण बसून, ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर जा. आपल्याकडच्या वजनकाट्यासारखंच आहे, पुढचा अॅक्सल, मागचा अॅक्सल आणि ट्रेलर तिन्हीचं वजन वेगवेगळं छापून मिळतं. ती पावती इथे टाका, हिच कसा सेट करायचा ते त्यावरून सांगतो.