एकाच लघुग्रहाचा व्यास एका यादीत ९ किमी, दुसरीत १९. खरा कुठला? (मध्यपट्टा आणि उपसूर्य ही बोलणाऱ्या दोघांची टोपणनावं.)

मध्यपट्टा: मंगळ आणि गुरूमधल्या मुख्य पट्ट्यातला लघुग्रह आहे. कक्षेचा अर्धदीर्घ अक्ष २.७७ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतर म्हणजे १), उत्केंद्रता (कक्षेचा लांबटपणा) ०.१५, कल ९ अंश, निरपेक्ष प्रत (सूर्य आणि पृथ्वीपासून १ एककावर धरलेलं तेज; आकडा मोठा तितकं अंधुक) १२.५. व्यासाचे दोन आकडे दुपटीने वेगळे का? शिवाय तीन रात्रींच्या प्रकाशमापनातून परिवलनकाळ १.९ तास निघतोय, चढउतार ०.३ प्रतीचा. हा पटण्यासारखा आहे का?

उपसूर्य: दोन्ही आकडे एकाच सूत्राचे आहेत, फक्त अल्बेडो (पृष्ठभाग पडलेल्या प्रकाशाचा किती हिस्सा परत फेकतो तो) वेगवेगळा धरलाय. व्यास किमीमध्ये = १३२९ भागिले अल्बेडोचं वर्गमूळ, गुणिले १० चा (−निरपेक्ष प्रत/५) वा घात. १२.५ प्रतीला अल्बेडो ०.२० धरला की ९.४ किमी, ०.०५ धरला की १८.८. म्हणजे मोजलेला व्यास यातला एकही नाही. अवरक्त मोजमाप मिळालं तर तेच धरा, कारण तिथे उष्णतेवरून आकार निघतो. ते नसेल तर रंग मोजा: बी-व्ही (निळ्या आणि हिरवट-पिवळ्या गाळणीतून मोजलेल्या प्रतींमधला फरक) ०.७ च्या आसपास आला तर गडद, कार्बनी सी प्रकार, ०.८५ च्या आसपास आला तर उजळ, खडकाळ एस.

निरपेक्ष प्रतही पक्की समजू नका. तिथे ०.३ ची चूक म्हणजे व्यासात १५ टक्के.

आता प्रकाशवक्र, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख. काळ १.९ तास नाही, ३.८ तास असणार. लांबट दगड एका फेरीत दोनदा रुंद बाजू दाखवतो, म्हणून वक्राला दोन शिखरं येतात. सॉफ्टवेअरने दोन्ही शिखरं एकावर एक बसवली की काळ निम्मा होतो. ३.८ वर घडी घालून बघा, म्हणजे सगळी मोजमापं ३.८ तासांच्या एकाच फेरीवर बसवा. दोन दऱ्यांची खोली थोडी जरी वेगळी दिसली तरी प्रश्न मिटला.

दुसरी खूण भौतिक आहे. काहीशे मीटरपेक्षा मोठे लघुग्रह २.२ तासांहून जलद फिरताना सहसा सापडत नाहीत. ते बहुतेक गुरुत्वाने धरून ठेवलेले ढिगारे असतात. घनता दोन-सव्वादोन ग्रॅम प्रति घनसेंमी धरली, तर त्याहून जास्त वेगात विषुववृत्तावरचा माल सुटायला लागतो.

०.३ प्रतीवरून लांबी-रुंदीचं गुणोत्तर किमान १.३२. किमानच, कारण अक्ष आपल्याकडे कललेला असेल तर चढउतार कमी दिसतो.

वेगवेगळ्या रात्रींची मोजमापं जोडताना प्रकाशाच्या प्रवासाची दुरुस्ती करायची राहते बऱ्याच जणांची. अंतर ०.१ एककाने बदललं की ५० सेकंदांचा फरक पडतो.

मध्यपट्टा: ३.८ वर एक दरी ०.०४ प्रतीने उथळ आहे. म्हणजे तोच. पण २.७७ आणि ९ अंश यावरून कुटुंब (एकाच मोठ्या दगडाच्या तुकड्यांचा गट), आणि त्यावरून अल्बेडो ठरवता येईल का?

उपसूर्य: या आकड्यांवरून नाही. यादीतली मूल्यं त्या दिवसापुरती असतात, गुरूच्या ओढीने हलत राहतात. कुटुंबासाठी दीर्घकाळ स्थिर राहणारे ‘स्वमूलांक’ बघावे लागतात. आणि जागा जुळली म्हणजे माल जुळला असंही नाही: सेरेसही २.७७ लाच आहे, गडद, अल्बेडो ०.०९ च्या आसपास. तिथेच असलेलं गेफियन कुटुंब मात्र उजळ एस प्रकारचं.

परिभ्रमणकाळ ४.६१ वर्षं, त्यामुळे प्रतियुती (पृथ्वीवरून लघुग्रह सूर्याच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला) साधारण ४६६ दिवसांनी. ती उपसूर्याजवळ (कक्षेत सूर्याच्या सर्वांत जवळ, २.३५ एकक) आली तर दिसणारी प्रत १५.० पर्यंत, अपसूर्याजवळ (सर्वांत दूर, ३.१९) १६.७. रंग मोजायचा तर उपसूर्याजवळचीच प्रतियुती गाठा.