कर्नाटकातील मेंढपाळ कुरुब समाजातील ‘हत्ती कंकण’ आणि ‘उण्णे कंकण’ हे भेद कसे पडले? बेडगु म्हणजे नेमके काय?

प्रश्न (भीमाकाठ)

आमचे घराणे मंगळवेढा तालुक्यातील. समाजात आम्ही स्वतःला हालमत धनगर म्हणवतो आणि घरातील वडीलधारी माणसे आजही आपसांत कानडीच बोलतात. धाकट्या बहिणीसाठी विजापूर जिल्ह्यातील इंडीकडचे एक स्थळ आले आहे. बोलणी नीट चालली असताना मुलाकडच्या आजोबांनी दोन प्रश्न विचारले: “तुमचा बेडगु कोणता, आणि तुम्ही हत्ती की उण्णे?” आम्ही आडनाव सांगितले, देवक सांगितले, हुलजंतीच्या महालिंगरायाचे नाव घेतले, परंतु त्यांना हवे ते उत्तर आमच्यापाशी नव्हते. हत्ती म्हणजे गजराज असे समजून मी घरात विचारपूस करीत राहिलो आणि कोणालाच काही सांगता येईना. हे भेद कुठून आले आणि लग्न ठरवताना त्यांतले काय पाहायचे असते, हे जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे. शिवाय, म्हैसूरकडच्या जंगलात राहणारे जेनु कुरुब हे आपलेच लोक का, हेही समजून घ्यायचे आहे.

उत्तर (घोंगडी)

पहिला गोंधळ शब्दाचा आहे, तो आधी सोडवू. कानडीत ‘हत्ती’ म्हणजे कापूस आणि ‘उण्णे’ म्हणजे लोकर. लग्नात नवरानवरीच्या मनगटावर जे कंकण बांधतात ते कोणाकडे सुती दोऱ्याचे असते, तर कोणाकडे लोकरीच्या दोऱ्याचे, आणि त्यावरूनच ही दोन नावे पडली आहेत. आणखी एक सावधगिरी बाळगावी. ‘हट्टी’ हा कानडी शब्द निराळा असून त्याचा अर्थ वाडी किंवा मेंढपाळांची वस्ती असा होतो. मराठी कानाला दोन्ही शब्द सारखेच वाटतात आणि मग हत्ती कंकण, हट्टी आणि आपल्याकडचे हटकर धनगर यांची एकच मोळी बांधली जाते. तशी ती बांधू नये.

भेदाचे कारण सांगणारी कथा पद्मगोंडाची आहे. भावांनी वेगळे काढलेला हा शेतकऱ्याचा मुलगा नांगर धरून उभा असताना फाळ वारुळाला लागला, त्यातून मेंढरे बाहेर पडली आणि तो मेंढपाळ झाला. पुढे त्याने दोन बायका केल्या. एकीच्या मुलांच्या लग्नात सुताचे कंकण बांधले गेले, दुसरीच्या मुलांच्या लग्नात लोकरीचे, आणि तेथून दोन शाखा झाल्या असे ही कथा सांगते. इतिहास म्हणून ती घेता येणार नाही. परंतु नांगर सोडून मेंढरांमागे गेलेला माणूस आणि त्याच्या दोन घरांतील मुलांना वेगळे ओळखण्याची गरज, एवढे तिच्यात स्पष्ट दिसते, आणि शेती व मेंढपाळी या दोन्हींत पाय असलेल्या समाजाला ही कथा जवळची का वाटली असेल हेही कळते. ‘कुरुब’ हे नाव मेंढी या अर्थाच्या ‘कुरि’ या शब्दाशी जोडले जाते. हालुमत हे समाजाचे दुसरे नाव. ‘हालु’ म्हणजे दूध. मूळ जोडपे दुधापासून निर्माण झाले अशी श्रद्धा त्यामागे आहे आणि तुमच्याकडचे ‘हालमत’ हे त्याच शब्दाचे मराठी वळण आहे.

उत्तर (जोंधळा)

लग्नाच्या दृष्टीने खरा महत्त्वाचा आहे तो बेडगु. बेडगु म्हणजे कुळ. तो बापाकडून मुलांना मिळतो आणि एकाच बेडगुतील स्त्री-पुरुष भाऊबहीण मानले जात असल्याने त्यांचे लग्न होत नाही. मामाची मुलगी चालते, कारण मामाचा बेडगु वेगळा असतो. कर्नाटकात तर सख्ख्या बहिणीची मुलगी करण्याचीही रीत आहे. म्हणून तुम्ही आईच्या किंवा आजीच्या माहेरी विचारून उपयोग नाही, चुलत घराण्यातच विचारायला हवे. आडनावावरूनही हे कळत नाही.

बेडगुंची नावे रोजच्या जगण्यातली आहेत: आने म्हणजे हत्ती (तुमचा गजराज येथे सापडेल), बेळ्ळी म्हणजे चांदी, जीरिगे म्हणजे जिरे, मेणसु म्हणजे मिरे, बन्नी म्हणजे शमी, अरिशिन म्हणजे हळद. ज्या वस्तूचे नाव कुळाला, ती वस्तू त्या कुळाने वापरायची नाही, असा जुना नेम होता. आता अरिशिन कुळाची अडचण पाहा. हळद वर्ज्य करायची म्हटले तर स्वयंपाक अडतो आणि लग्नही अडते; शिवाय समाजाचा देव असलेल्या ज्या बीरप्पाच्या देवळात भंडारा उधळला जातो तेथे उभे तरी कसे राहायचे? शंभर वर्षांहून जुन्या नोंदींत याचे उत्तर सापडते. या कुळाने हळदीचा नेम सोडला आणि तिच्या जागी राळे वर्ज्य केले. मला ही नोंद अतिशय मोलाची वाटते. कुळाचे नाव तसेच राहिले, नेमही पाळला गेला आणि संसारही चालू राहिला. रीत जपणारी माणसे तीत किती समजुतीने बदल करीत होती हे यावरून दिसते.

उत्तर (मायाक्का-चिंचली)

जेनु कुरुबांविषयी लिहितो. ‘जेनु’ म्हणजे मध आणि ‘बेट्ट’ म्हणजे डोंगर. जेनु कुरुब आणि बेट्ट कुरुब या कोडगू, नागरहोळे, हेग्गडदेवनकोटे या भागातील वनवासी जमाती आहेत. मध गोळा करणे, बांबूकाम आणि हत्ती सांभाळणे हे त्यांचे परंपरागत व्यवसाय. मेंढपाळी त्यांच्यात नाही. जेनु कुरुबांचा समावेश सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत केला आहे. केवळ नावाच्या साम्यावरून त्यांना आपल्या शाखेत धरू नये. त्यांचा जगण्याचा झगडा वेगळा आहे आणि तो झाकला जातो.

हीच सावधगिरी हक्क-बुक्कांबाबतही हवी. विजयनगरचे संस्थापक कुरुब होते असे समाजात अभिमानाने सांगितले जाते, परंतु त्या घराण्याचे लेख स्वतःला यदुवंशी म्हणवतात. संतकवी कनकदास आणि इंग्रजांविरुद्ध लढून १८३१ साली नंदगड येथे फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा ही ठाम नावे समाजापाशी असताना वादातल्या वंशावळीचा आधार कशाला घ्यावा, असे माझे मत आहे.

नाते शोधायचेच असेल तर ते देवांत शोधावे. बीरप्पा म्हणजेच आपला बिरोबा, आणि त्याची बहीण मायाक्का, जिच्या रायबाग तालुक्यातील चिंचलीच्या जत्रेला महाराष्ट्रातून गाड्या भरभरून माणसे जातात. पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत फरांडेबाबा भाकणूक म्हणजे पुढच्या वर्षाचे भाकीत करतात; कर्नाटकातील मैलार येथे गोरवय्या, म्हणजे तिथल्या देवाचा भक्त, उंच धनुष्यावर चढून एका वाक्यात कार्णिक, म्हणजे तसेच भाकीत, उच्चारतो. भाषा दोन आहेत, पण पुढच्या पावसाची काळजी एकच आहे.

भीमाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल गावी थोरल्या चुलत्यांना फोन लावला. त्यांनी क्षणभरही न थांबता “जीरिगे” असे सांगितले आणि आजवर कोणी विचारलेच नाही म्हणून हळहळले. कंकणाविषयी विचारल्यावर त्यांनी चुलतीला माडीवरची ट्रंक उघडायला लावली. त्यांच्या लग्नातील कंकण तिने खणाच्या तुकड्यात गुंडाळून ठेवले होते. छायाचित्र पाठवले आहे. दोरा काळ्या लोकरीचा आहे, त्यात हळकुंड बांधलेले असून पीळ अजून सुटलेला नाही. मुलाकडचा बेडगु बेळ्ळी आहे असे कळले, म्हणजे त्या बाजूने अडचण नाही. रविवारी चुलत्यांनाच सोबत घेऊन इंडीला जात आहोत.