एसटीचा अध्यक्ष नेमायचा कसा? नाराज आमदाराची सोय म्हणून?

रातराणी_प्रवासी: सप्टेंबर २०२४ मध्ये एसटी महामंडळाचं अध्यक्षपद तेव्हा नाराज असलेल्या आमदार भरत गोगावलेंना मिळालं, २०२५ च्या सुरुवातीला ते परिवहन खात्याच्या अपर मुख्य सचिवांकडे गेलं आणि एप्रिलमध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईकांकडे. वर्षाच्या आत तीन अध्यक्ष! डेपो, गाड्या, पगार हे सगळं समजून घ्यायलाच सहा महिने लागतात हो. १९५० चा मार्ग परिवहन महामंडळ कायदा सांगतो की संचालक मंडळ राज्य सरकारने नेमायचं, बस्स. निवड समिती नाही, जाहिरात नाही. तिकडे वीज नियामक आयोगाचं बघा, २००३ च्या वीज कायद्यात हायकोर्टाच्या माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली निवड समिती, तिने एका जागेला दोन नावं सुचवायची, पाच वर्षांची मुदत आणि पुन्हा त्याच पदावर नेमणूक नाही. एसटीला असं का नको?

डेपो_नाका: तुलनाच चुकतेय. आयोग दर ठरवतो, सरकारी वीज कंपनीलाही नाही म्हणू शकतो, म्हणून त्याला सरकारपासून लांब ठेवलंय. एसटी गाड्या चालवते. गावाची मुक्कामी गाडी बंद झाली तर लोक आमदाराच्याच दारात जाणार ना, निवड समितीने आणलेल्या माणसाला कोण जाब विचारणार? मंत्री अध्यक्ष असला की निदान विधानसभेत उत्तर द्यावं लागतं.

रातराणी_प्रवासी: उत्तर मंत्र्याला तसंही द्यावंच लागतं, खातं त्याचंच आहे, त्यासाठी अध्यक्षाची खुर्ची कशाला? उलट तोच तिकिटात सवलत जाहीर करणार, आणि महामंडळाचा अध्यक्ष म्हणून प्रतिपूर्तीचे, म्हणजे सवलतीमुळे बुडालेल्या भाड्याच्या भरपाईचे, पैसे सरकारकडे मागायचे तेही त्यानेच. मग भांडणार कोण?

जुना_वाहक: मी तिकीट मशीन हातात घेऊन नोकरी केलीय म्हणून सांगतो, वर कोण बसलंय याने आम्हाला फार फरक पडला नाही. ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास २०२२ मध्ये, महिलांना अर्धं तिकीट मार्च २०२३ पासून, दोन्ही निर्णय चांगले, गाडीत म्हातारी माणसं, बायका दिसायला लागल्या, बरं वाटलं. पण निर्णय सरकारचे, आणि पैसे यायला उशीर झाला की पगार आमचा लांबायचा. आणि त्याच १९५० च्या कायद्याचं कलम ३४ वाचा, महामंडळाशी चर्चा करून सरकार सूचना देऊ शकतं आणि त्या सोडून वागायला सरकारचीच परवानगी लागते, मग मंडळावर कितीही हुशार माणूस बसवा, करणार काय?

डेपो_नाका: हेच म्हणतोय मी. भाडंसुद्धा मंडळाच्या एकट्याच्या हातात नाही, जानेवारी २०२५ ची १४.९५ टक्के वाढ राज्य परिवहन प्राधिकरण या महामंडळाबाहेरच्या सरकारी यंत्रणेने मंजूर केली. सत्ता मंत्रालयात आहे तर खुर्चीही मंत्र्यालाच द्या, जबाबदारी तरी एका जागी राहील.

रातराणी_प्रवासी: वाहकदादा, तुमचा मुद्दा पटला, नुसती निवड समिती पुरणार नाही. पण म्हणून खुर्ची वाटून टाकायची हे नाही पटत. मुदत ठरवा, वाहतूक आणि हिशेब कळणारी दोन माणसं समितीतून आणा, एक कामगारांचा माणूस घ्या, आणि सवलतीचे पैसे आधी भरल्याशिवाय सवलत लागू होणार नाही असं कायद्यात लिहा.

जुना_वाहक: शेवटचं तेवढं झालं ना, तर अध्यक्ष कुणालाही करा, आमची तक्रार नाही.