४९ विजय, तरीही अंतिम फेरी नाही: १९४६-४७ च्या हंगामाविषयी एक प्रश्न

प्रश्न: अर्धवर्तुळ

सप्रेम नमस्कार.

बास्केटबॉल असोसिएशन ऑफ अमेरिका या संघटनेच्या पहिल्या हंगामाचा, म्हणजे १९४६-४७ चा, गुणतक्ता मी गेले काही दिवस वाचत आहे. हीच संघटना पुढे १९४९ मध्ये नॅशनल बास्केटबॉल लीगशी एकत्र येऊन एनबीए (नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन) झाली, त्यामुळे एनबीए आपला इतिहास याच हंगामापासून मोजते. ११ संघ, पूर्व आणि पश्चिम असे दोन विभाग आणि प्रत्येक संघाचे ६० सामने, अशी त्याची रचना होती.

या तक्त्यात वॉशिंग्टन कॅपिटल्स या संघाच्या नावापुढे ४९ विजय आणि ११ पराभव आहेत. घरच्या मैदानावरील ३० सामन्यांपैकी त्यांनी केवळ एक गमावला आणि हंगामात एकदा सलग १७ सामने जिंकले. पूर्व विभागात दुसऱ्या आलेल्या फिलाडेल्फिया वॉरियर्सचे विजय ३५, म्हणजे तब्बल १४ ने कमी. असे असूनही विजेतेपद फिलाडेल्फियाला मिळाले आणि अंतिम फेरीत त्यांच्यासमोर वॉशिंग्टन नव्हे, तर शिकागो स्टॅग्स होते.

बलाढ्य संघ बाद फेरीत एखाद्या दिवशी हरतो, हे मी समजू शकतो. परंतु फिलाडेल्फिया आणि वॉशिंग्टन हे एकाच विभागातील संघ असूनही बाद फेरीत एकमेकांसमोर आलेच नाहीत, हे मला उलगडत नाही. ही रचना कोणी आणि कोणत्या विचाराने केली असावी? आणि त्या रचनेतून मिळालेले फिलाडेल्फियाचे विजेतेपद निर्विवाद मानावे का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर १: जुनी नोंदवही

आपला प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. त्या वर्षीच्या बाद फेरीत दोन्ही विभागांचे विजेते थेट एकमेकांशी भिडत असत आणि ही लढत सातपैकी चार सामने जिंकण्याची होती. दुसऱ्या क्रमांकाचे दोन संघ आपापसांत आणि तिसऱ्या क्रमांकाचे दोन संघ आपापसांत तीन सामन्यांची छोटी मालिका खेळत, त्यांतील विजेते पुन्हा तशीच छोटी मालिका खेळत आणि त्यातून वर आलेला संघ अंतिम फेरीत जाई. म्हणजे दोन विभागविजेत्यांपैकी एक अंतिम फेरीत नक्की पोहोचणार आणि दुसरा त्याआधीच नक्की बाद होणार, हे हंगाम सुरू होण्यापूर्वीच ठरलेले होते. वॉशिंग्टनने ६० पैकी ६० सामने जिंकले असते, तरी त्यांना शिकागोशीच आधी खेळावे लागले असते.

ही पद्धत आइस हॉकीतून आली. ६ जून १९४६ रोजी न्यूयॉर्कमध्ये ही संघटना स्थापन करणारे लोक बास्केटबॉलमधले नव्हते. ते बहुतांशी मोठ्या बंदिस्त क्रीडागृहांचे मालक किंवा व्यवस्थापक होते आणि त्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार आइस हॉकी हा होता. बॉस्टन गार्डनचे वॉल्टर ब्राउन त्यांच्यात पुढाकार घेणारे होते. अध्यक्ष म्हणून निवडलेले मॉरिस पोडोलॉफ हे त्याच वेळी अमेरिकन हॉकी लीगचेही अध्यक्ष होते. हॉकीच्या सामन्यांमधल्या ज्या संध्याकाळी क्रीडागृह रिकामे राही, त्या भरून काढायच्या, हा या सर्वांचा हेतू होता. महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा असताना या संघटनेने १२ मिनिटांचे चार भाग करून ४८ मिनिटांचा सामना ठरवला, त्यामागेही तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाला पुरेशी संध्याकाळ मिळावी हाच विचार होता. बाद फेरीची रचनाही त्यांनी आपल्या ओळखीच्या खेळातून उचलली. बलाढ्य संघाला त्याच्या कामगिरीचे फळ मिळेल का, हा प्रश्न त्यांच्यापुढे फारसा आलेला दिसत नाही.

त्यात आणखी एक योगायोग घडला. पश्चिम विभागात शिकागो आणि सेंट लुईस बॉम्बर्स यांचे ३८ विजय आणि २२ पराभव असे अगदी सारखे गुण झाले, म्हणून विभागविजेता ठरवण्यासाठी एक जादा सामना खेळवावा लागला आणि तो शिकागोने जिंकला. शिकागोच्या नावापुढे ६१ सामने दिसतात ते यामुळेच. तो सामना उलटला असता, तर वॉशिंग्टनसमोर सेंट लुईस आले असते आणि शिकागोला फिलाडेल्फियाशी पहिल्याच टप्प्यात खेळावे लागले असते.

मात्र वॉशिंग्टनच्या पराभवाचे सारे खापर रचनेवर फोडणे मला मान्य नाही. ज्या मैदानावर त्यांनी संपूर्ण हंगामात एकच सामना गमावला होता, त्याच मैदानावर मालिकेचे पहिले दोन सामने शिकागोने ८१-६५ आणि ६९-५३ असे स्पष्ट फरकाने जिंकले. तिसराही शिकागोनेच घेतला. त्यानंतर वॉशिंग्टनने दोन सामने जिंकून झुंज दिली, पण सहाव्या सामन्यात ६६-६१ असा पराभव होऊन मालिका ४-२ ने संपली. या संघाचे प्रशिक्षक रेड ऑरबाख त्या वेळी अवघे २९ वर्षांचे होते. युद्धकाळात नौदलात असताना पाहिलेले उत्तम खेळाडू हेरून त्यांनी हा संघ उभा केला होता आणि बॉब फीरिक हा त्यांचा प्रमुख आधार होता.

उत्तर २: उत्तरसरोवर

मी अनेक वर्षे टोरांटोमध्ये राहतो, म्हणून या हंगामाच्या आमच्या शहराशी असलेल्या नात्याविषयी लिहितो. मूळ प्रश्नाशीही त्याचा संबंध आहे, कारण क्रीडागृहांच्या मालकांची भूमिका त्यातून स्पष्ट होते.

संघटनेचा पहिला सामना १ नोव्हेंबर १९४६ रोजी टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये झाला. टोरांटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क निकरबॉकर्स या लढतीला ७,०९० प्रेक्षक आले होते. हस्कीजचा जॉर्ज नोस्ट्रँड ६ फूट ८ इंच उंचीचा होता आणि त्याच्याहून उंच असलेल्या कोणालाही विनामूल्य प्रवेश मिळेल, अशी जाहिरात करण्यात आली होती. पहिली बास्केट न्यूयॉर्कच्या ऑसी शेक्टमनने केली. हस्कीजचा खेळाडू आणि प्रशिक्षक असलेल्या एड सॅडोव्स्कीने १८ गुण मिळवले, तरी सामना न्यूयॉर्कने ६८-६६ असा जिंकला. त्यानंतर थोड्याच सामन्यांत सॅडोव्स्की संघ सोडून गेला. एकाच हंगामात हस्कीजने चार प्रशिक्षक पाहिले, २२ सामने जिंकले आणि हंगामानंतर संघच बंद झाला. हॉकीच्या या शहरात पहिल्या सामन्याचा मान मिळूनही बास्केटबॉलची पाठराखण करण्याइतका धीर कोणी दाखवला नाही, याचे मला आजही वाईट वाटते. एनबीएचा संघ टोरांटोत पुन्हा आला तो थेट १९९५ मध्ये.

बॉस्टनमध्येही चित्र वेगळे नव्हते. ५ नोव्हेंबरला सेल्टिक्सचा घरचा पहिला सामना होता, पण बॉस्टन गार्डनमध्ये त्या दिवशी रोडिओचे, म्हणजे गुराख्यांच्या घोडेस्वारीच्या कसरतींचे, खेळ असल्याने तो लहानशा बॉस्टन अरीनामध्ये घ्यावा लागला. सरावाच्या वेळी चक कॉनर्सच्या हातून बास्केटमागचा काचेचा बोर्ड फुटला आणि दुसरा बोर्ड आणून बसवेपर्यंत सामना खोळंबला. स्वतःच्या संघाचा घरचा पहिला सामना असतानाही मुख्य क्रीडागृह त्याला मिळू शकले नाही, यावरून बास्केटबॉलचे स्थान कोणते होते ते समजते.

मेपल लीफ गार्डन्सची इमारत अजून उभी आहे. खाली किराणामालाचे मोठे दुकान आहे आणि वर विद्यापीठाचे क्रीडाकेंद्र आहे.

उत्तर ३: मध्यरेषा

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु दोघांनीही फिलाडेल्फियाविषयी जवळपास काहीच लिहिलेले नाही. विजेतेपद निर्विवाद आहे का, या प्रश्नाचे उत्तर जो फुल्क्सचे नाव घेतल्याशिवाय देता येणार नाही.

केंटकीतून आलेला आणि युद्धात मरीन दलात सेवा केलेला हा खेळाडू उडी मारून हवेतून चेंडू फेकत असे. पाय जमिनीवर रोवून दोन्ही हातांनी चेंडू टाकण्याची पद्धत तेव्हा सर्रास रूढ होती, त्यामुळे त्याला अडवायचे कसे हे बचाव करणाऱ्यांना समजत नसे. त्या हंगामात त्याने १,३८९ गुण मिळवले, सरासरी २३.२. दुसऱ्या क्रमांकावरच्या फीरिकची सरासरी १६.८ होती. संघ साधारणपणे ६८ गुण करत असत अशा काळात आपल्या संघाचे जवळजवळ एक तृतीयांश गुण एकट्याने करणे म्हणजे काय, याचा विचार करावा. त्याने केलेल्या फेकींपैकी केवळ ३०.५ टक्के यशस्वी झाल्या, असे सांगून काही जण त्याला कमी लेखतात. मला ते अन्यायाचे वाटते. बर्फावर लाकडी फळ्या टाकून तयार केलेली थंडगार मैदाने, आणि चेंडू किती वेळ हातात ठेवावा यावर कोणतेही बंधन नसलेला संथ खेळ, अशा परिस्थितीत त्या काळी फारच थोड्या खेळाडूंना याहून चांगले प्रमाण साधले. २४ सेकंदांत चेंडू बास्केटकडे फेकलाच पाहिजे, हा नियम १९५४ मध्ये आला. क्षेत्रबचावामुळे, म्हणजे प्रत्येकाने एकेका खेळाडूऐवजी मैदानाचा ठरावीक भाग राखण्याच्या पद्धतीमुळे, खेळ अधिकच रेंगाळतो म्हणून संघटनेने जानेवारी १९४७ मध्ये, म्हणजे हंगाम सुरू असतानाच, त्यावर बंदी घातली होती.

बाद फेरीत फिलाडेल्फियाने सेंट लुईसला २-१, न्यूयॉर्कला २-० आणि शिकागोला ४-१ असे हरवले. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात फुल्क्सने ३७ गुण केले. २२ एप्रिल रोजी पाचवा सामना अखेरपर्यंत अटीतटीचा झाला आणि हॉवी डालमारच्या बास्केटने ८३-८० असा निकाल लागला. वॉशिंग्टनला हरवणाऱ्या संघाला त्यांनी पाच सामन्यांत नमवले, त्यामुळे माझ्या मते या विजेतेपदाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. छोट्या मालिकांचा मार्ग त्यांना सोपा पडला, हे मात्र खरे. पण तीन सामन्यांच्या मालिकेत एखादी वाईट संध्याकाळही घातक ठरते, हा धोकाही त्यांनीच पत्करला होता.

अर्धवर्तुळ

तिन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. रचनेचा मुद्दा आता स्पष्ट झाला. आणखी एकच विचारतो: या निकालानंतर संघटनेने बाद फेरी लगेच बदलली का?

उत्तर ४: जुनी नोंदवही

लगेच नाही. त्या उन्हाळ्यात संघटनेपुढे अस्तित्वाचाच प्रश्न होता. टोरांटोबरोबर क्लीव्हलँड, डेट्रॉइट आणि पिट्सबर्ग हे संघही बंद पडले आणि बाल्टिमोर बुलेट्सना बाहेरून आणून आठ संघांवर दुसरा हंगाम उभा करावा लागला. सामन्यांची संख्या ६० वरून ४८ वर आली. उत्तम खेळाडूंपैकी अनेक जण तोपर्यंत १९३७ पासून चालत आलेल्या नॅशनल बास्केटबॉल लीगमध्येच होते. सहा फूट दहा इंचांचा जॉर्ज मायकन त्यांपैकी सर्वांत मोठा. म्हणूनच १९४६-४७ चा विजेता हा अमेरिकेतील सर्वांत बलवान व्यावसायिक संघ होता, असे ठामपणे म्हणता येत नाही, आणि ही मर्यादा मला बाद फेरीच्या रचनेपेक्षा अधिक महत्त्वाची वाटते. त्या लीगमध्ये पॉप गेट्स आणि डॉली किंग हे कृष्णवर्णीय खेळाडू त्याच हंगामात खेळत होते, तर या नव्या संघटनेत एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता; ते दार १९५० मध्ये उघडले.

१९४८ मध्ये जुनीच बाद फेरी पुन्हा खेळवली गेली आणि पुन्हा तसाच निकाल लागला. विभागविजेत्या फिलाडेल्फियाने दुसऱ्या विभागविजेत्या सेंट लुईसला सात सामन्यांत हरवले, पण विभागविजेता नसलेल्या बाल्टिमोरने छोट्या मार्गाने येऊन अंतिम फेरीत त्यांचा पराभव केला. १९४९ मध्ये प्रत्येक विभागाची बाद फेरी स्वतंत्र झाली आणि दोन विभागांचे अंतिम विजेते एकमेकांसमोर येऊ लागले. नव्या रचनेच्या त्या पहिल्याच वर्षी ऑरबाख यांचे वॉशिंग्टन अंतिम फेरीत पोहोचले. तोपर्यंत मायकनचा मिनियापोलिस लेकर्स संघ या संघटनेत दाखल झाला होता आणि त्याने ती मालिका ४-२ अशी जिंकली.