एकवीस बॉम्ब आणि एक खड्डा

लांब पल्ल्याची अवजड बॉम्बफेकी विमाने केवळ अण्वस्त्रांसाठी होती आणि पारंपरिक युद्धात त्यांचा उपयोग झालाच नाही, हा वरच्या प्रतिसादातला मुद्दा मला पटत नाही. व्हिएतनाममध्ये अमेरिकेची बी-५२ विमाने १९६५ पासून साधे बॉम्बच टाकत होती.

उपयोगाची किंमत किती, हा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि त्यासाठी फॉकलंड बेटांवरून ब्रिटन आणि अर्जेंटिना यांच्यात १९८२ साली झालेल्या युद्धातली ब्रिटिश व्हल्कन बॉम्बफेकी विमानाची पहिली मोहीम पाहावी. अणुबॉम्बसाठी बनवलेले आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेले हे विमान अटलांटिकमधल्या असेन्शन बेटावरून सुमारे ६,३०० किलोमीटर दूर, अर्जेंटिनाच्या ताब्यातल्या फॉकलंडच्या पोर्ट स्टॅन्ली इथल्या धावपट्टीवर पाठवायचे, तर हवेत इंधन घेण्याची कित्येक वर्षे बंद पडलेली यंत्रणा आधी पुन्हा चालू करावी लागली. ३० एप्रिलच्या रात्री दोन व्हल्कन उडाली. खिडकी नीट न मिटल्यामुळे मुख्य विमानात हवेचा दाब टिकेना, म्हणून ते मागे फिरले आणि वैमानिक मार्टिन विदर्स यांचे राखीव विमान पुढे गेले. त्याच्या दिमतीला हवेत इंधन पुरवणारी ११ व्हिक्टर टँकर विमाने होती, आणि वाटेत ती एकमेकांनाही इंधन पाजत होती. एखादा तरी बॉम्ब नक्की लागावा म्हणून २१ बॉम्बांची रांग धावपट्टीला मुद्दाम तिरकी टाकली. धावपट्टीवर लागला तो एकच, आणि त्याने तिच्यात खड्डा पाडला. तरीही अर्जेंटिनाची हर्क्युलिस मालवाहू विमाने युद्ध संपेपर्यंत तिथे उतरत राहिली. मायभूमीवरच्या हल्ल्याच्या धास्तीने अर्जेंटिनाने मिराज लढाऊ विमाने मागे घेतली, असे ब्रिटिश बाजू सांगते. त्यावर आजही वाद आहे.