एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) रिपोर्ट वाचताना गोंधळ होतो
प्रश्न: रेस्पिरेटरी थेरपीचं दुसरं सेमिस्टर. पीएच ७.२८, कार्बन डायऑक्साइड ६०, बायकार्बोनेट २७. सुरुवात कुठून करू?

उत्तर: आधी पीएच. ७.३५ च्या खाली, म्हणजे आम्लता वाढलीय. कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ हवा, इथे ६०, म्हणजे तो श्वासातून पुरेसा बाहेर पडत नाहीये, दोष श्वसनाचा. आम्लता कमी करणारं बायकार्बोनेट जेमतेम वाढलंय, कारण मूत्रपिंडांना भरपाई करायला काही दिवस लागतात. त्रास ताजा दिसतोय.

उत्तर: आणि पेशंटकडे बघ गं! पहिल्या आयसीयू पोस्टिंगला मी आकडेच घोकत होते. समोरचे आजोबा मानेचे स्नायू ताणून श्वास ओढत होते, ते मॅडमनी दाखवलं. ती मान अजून डोळ्यांसमोर आहे.

प्रश्नकर्ती: उद्या राउंडला आधी पेशंटजवळ जाईन. खूप आभार, ताई.