पाच माणसांच्या घरात खाण्यावर महिन्याला किती जातात?

मंगळवार पेठेत राहतो, पाच माणसं. गेल्या महिन्याची वही जुळवली तर १७,४०० नुसत्या खाण्यावर! दूध ३,६००, चार रविवारचं मटण ३,२००. सासूबाई म्हणतात, वही चुलीत घाल. तुमचं किती?

— मटण लिहायचं नसतंय ताई! आमचं १२ हजारांत भागतंय, पण तांदूळ गावाकडनं येतोय.

— २०२३-२४ च्या सरकारी पाहणीत शहरी घरांच्या एकूण खर्चातले साधारण ४० टक्के खाण्यावर, खेड्यात ४७. पगाराशी नको, खर्चाशी ताडून बघा.

— अगंबाई, चटणी राहिलीच! मार्चमध्ये वर्षाची सात किलो केली. मिरची, खोबरं, लसूण, वर डंकावरच्या कांडपाचे पैसे. बारा महिन्यांत वाटू?

— वाटा की. वहीत हं, शेजारी न्हवं!